पालकाने संमती नाकारली

सरकार माझ्या मुलीला शिकवायला तयार होतं, मुलगी शिकायला तयार होती, आणि त्या दोघांच्या मधे पंधरा दिवस मी उभा होतो. हे वाक्य माझं नाही, माझ्या पत्नीचं आहे. सत्यशीला हल्ली ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते, तेव्हा माझीही बाजू कुठंतरी नोंदली जावी म्हणून हे लिहितो आहे.

युसूफ वडगावला माझं भांड्यांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. भांडी सगळेच विकतात, पण भांड्यावर नाव टाकावं ते वीरभद्रनंच, असं आसपासच्या दहा-बारा गावांत मानलं जातं. मशीनची सुई ताटाच्या कडेला टेकवली की माझा हात थरथरत नाही. इतक्या वर्षांत हजारो नावं टाकली, पण कुणाच्या नावाचा काना सुटला नाही की वेलांटी चुकली नाही. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं माझ्यावर जो प्रसंग आला तो किती अन्यायाचा होता, हे कळावं म्हणून सांगतो.

माझी मुलगी वर्षाराणी यंदा बारावी झाली. संगणकाच्या चोऱ्या, फसवणुकीचे फोन, दुसऱ्याच्या खात्यात घुसणं, हे सगळं कसं अडवायचं ते शिकवणारा चार वर्षांचा एक कोर्स असतो. सरकारनं त्यासाठी योजना काढली होती. राज्यातून चाळीस पोरं परीक्षा घेऊन निवडायची, त्यांची फी, राहणं, खाणं सगळं सरकारनं बघायचं आणि शिक्षण संपलं की त्यांनी दोन वर्षं सरकारच्या सायबर कक्षात नोकरी करायची. वर्षाराणीचा नंबर एकविसावा आला. आता फक्त कागदपत्रं जोडायची होती.

'फक्त' हा शब्द त्या पत्रात होता. पत्र लिहिणाऱ्याला मुलंबाळं नसावीत.

"बाबा, फॉर्म मी भरते," वर्षाराणी म्हणाली.

"तू अभ्यास कर," मी म्हणालो. "कागदाचं काम बापाचं असतं."

सत्यशीला चुलीपुढून माझ्याकडं नुसती बघत राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर माणसाला अशा बघण्याचा अर्थ कळायला पाहिजे होता.

बातमी पहिल्यांदा राधाकिशनला कळली, कारण त्याचं शिलाईचं दुकान माझ्या दुकानाला चिकटून आहे आणि मधल्या भिंतीत त्यानं केव्हातरी कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्याचं आरपार भोक पडलेलं आहे. तो मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन आला.

"शेठ, सिक्युरिटी म्हणल्यावर डरेस आसंल ना?"

"तसली सिक्युरिटी न्हाई राधाकिशन. ही कॉम्प्युटरची हाय."

"कॉम्प्युटर राखायचा?"

"कॉम्प्युटरच्या आतलं राखायचं."

त्यानं बराच वेळ विचार केला. "आतलं राखायचं म्हणल्यावर बसून काम. मग पॅन्टीला मागून जास्तीचं कापड सोडावं लागंल," तो म्हणाला आणि समाधानानं परत गेला. डरेस नाही, हे त्याला मी पुढच्या चार दिवसांत तीनदा सांगितलं. तो प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि मी उगाच आडवा येतोय असं तोंड करायचा.

गावातल्या सेवा केंद्रात बसून फॉर्म मी स्वतः भरवून घेतला. वर्षाराणीला सोबतही नेलं नाही. 'पालकाचे नाव' या रकान्यात ऐटीत माझं नाव सांगितलं. संगणकानं ते गिळलं आणि लगेच लाल अक्षरात ओकलं. नाव जुळत नाही.

तेव्हा उघडकीला आलं की आधार कार्डावर इंग्रजीत माझ्या 'वी'मधे दोन ई आहेत. पॅन कार्डावर त्या जागी एकटाच आय आहे. आणि वर्षाराणीच्या दहावीच्या कागदांवर मधेच एक जादा ए घुसून मी 'वीराभद्रा' झालो आहे. ज्या माणसानं तालुक्याच्या निम्म्या संसारावर नावं बिनचूक टाकली, त्याचं स्वतःचं नाव तीन जागी तीन तऱ्हेचं निघालं.

तालुक्याला एका खिडकीपुढं दीड तास उभा राहिलो. आतल्या कारकुनानं तिन्ही कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"या पोरीला तीन वडील दिसतायत," तो म्हणाला. आवाजात जराही चेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. "यातले खरे कोणते?"

माझ्या मागं रांगेत बावीस माणसं होती. सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"तिन्ही मीच हाय," मी म्हणालो.

"असं तिघंही म्हणतील."

त्यानं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं: खालील तीन इसम हे तीन नसून एकच आहेत. सोबत एक साक्षीदार लागणार होता, जो मला ओळखतो. संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं तर सत्यशीलाला पदर तोंडाला लावावा लागला. "तिघांतला एक तरी बाजारातून आठवणीनं हिंग आणील का?" ती म्हणाली.

साक्षीदार म्हणून मी राधाकिशनला नेलं. ही चूक माझी, मान्य आहे. पण राधाकिशनइतका सरळ माणूस गावात दुसरा नाही, आणि साक्षीला सरळ माणूस असावा असा माझा तोवर समज होता. प्रतिज्ञापत्र करणाऱ्या साहेबांनी चष्मा वर करून त्याला विचारलं, "यात लिहिलेल्या तिन्ही व्यक्तींना तुम्ही ओळखता का?"

राधाकिशननं माझ्याकडं पाहिलं. मग कागदाकडं पाहिलं. "हे एक वळखीचे हायत," तो म्हणाला. "बाकीचे दोघं कंदी दुकानावर आलेले न्हाईत."

"आरं बे, बाकीचे दोघं पण मीच!"

"मंग मला आदी सांगायचं ना शेठ. शपथेवर खोटं कावून बोलावं?"

साहेबांनी आम्हाला बाहेर बसवलं. चहा पाजून, तिन्ही कागद पुन्हा पुन्हा दाखवून मी त्याला समजावलं. दुसऱ्या वेळी तो इतक्या जोरात "तिघंबी ह्येच!" म्हणाला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा शिक्का भलत्याच कागदावर पडला.

कागद झाला. मला वाटलं, संपलं. पण योजना सायबरची, पुढची नोकरी सरकारची, तेव्हा मुलीच्या घराची पोलीस पडताळणी आली. पडताळणीला माझी हरकत नव्हती. तिच्या वेळेला होती.

धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई सासरी येतात, अनारसे खातात आणि वाण म्हणून भांडी घेऊन जातात. भांडेवाल्याला या महिन्याएवढा जावई प्यारा कधीच नसतो. दुकानात आठ-दहा बायका, कुणाला तांब्याचं ताम्हण, कुणाला निरांजन, प्रत्येकीला जावयाचं नाव टाकून पाहिजे. अशा भर बारा वाजता दारात मोटारसायकल थांबली आणि खाकीतले विजयसिंह हवालदार उतरले. विजयसिंह स्वभावानं लई गरीब माणूस, पण आवाज असा, की सहज बोलले तरी अटक केल्यासारखं वाटावं.

"वीरभद्र कोन?"

"मी."

"सायबरच्या प्रकरनात आलोय. घर दाखवा."

मी घर दाखवून, चहा देऊन, दोन सह्या करून पंधरा मिनिटांत परत आलो, तर दुकान रिकामं. गल्ल्यावर एक अर्धवट नाव टाकलेलं ताम्हण, त्यावर 'ज्ञाने' एवढंच. घरी गेलो तर समोरची ताराबाई सत्यशीलाचा हात हातात घेऊन बसली होती. "हुईल सुटका. कोर्टात आजकाल लवकर हुती," ती म्हणत होती. सत्यशीला तिला पोहे खाऊ घालत होती आणि काही एक सांगत नव्हती. नंतर मला म्हणाली, "मला वाटलं तुमी तालुक्याला गेलतात तवा खरंच कायतरी केलं आसंल."

अफवेला एस.टी. लागत नाही. चार वाजता गेवराईहून माझा मेहुणा वीरेश येऊन थडकला. सोबत एक वकील आणि काखेत घोंगडी.

"घोंगडी कशाला आणली?" मी विचारलं.

"आत फरशी गार आसती दाजी."

मी त्याला दुकानातल्या गादीवर मोकळा बसलेला दिसलो, याचा आनंद त्याला झाला असावा, पण तो त्यानं तोंडावर आणला नाही. वकिलांचा तर चेहराच पडला. त्यांना एक मोठं पितळी पातेलं बघायला लावलं. ते त्यांनी परत ठेवलं.

इतकं सोसून मी शेवटच्या पायरीवर आलो होतो. संकेतस्थळावर सगळ्या कागदांपुढं हिरव्या खुणा आल्या होत्या, एक सोडून. 'पालकाची संमती : प्रतीक्षेत.' ती कशी द्यायची हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मुदत संपायला दोन दिवस होते.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. वर्षाराणीनं परीक्षेच्या अभ्यासाबरोबर माझाही अभ्यास घेतला होता. रोज सकाळी मी देवाला विभूती लावून दुकानाकडं निघालो, की दारात अडवून एक प्रश्न. "बाबा, अनोळखी नंबरवरून गोड आवाजात कुणी घाई केली तर?" मी म्हणायचो, "चोर." "हो किंवा नाही म्हणा, रेकॉर्ड करतोय, असं म्हणालं तर?" "पक्का चोर." मी इतका तयार झालो होतो, की गिऱ्हाईकानं गोड आवाजात घाई केली तरी मला संशय यायचा.

त्या दिवशी वर्षाराणी फोटो काढायला तालुक्याला गेली होती. दुकानात ताराबाई होती, विटेकरवाडीचे दोन जावई होते, आणि भिंतीपलीकडं राधाकिशन होता, म्हणजे दुकानातच होता. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार. मी विजयमाला बोलतेय, सायबर शिक्षण योजनेच्या बीड कार्यालयातून. वीरभद्र आपणच का?"

गोड आवाज. मी बोट ओठावर ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"कोणता वीरभद्र पायजे? आमच्याकडं तीन हायत."

"वर्षाराणीचे पालक. जरा घाई आहे हो, आज बऱ्याच जणांना फोन करायचेत. हे बोलणं रेकॉर्ड होतंय. फक्त हो किंवा नाही सांगा."

घाई. रेकॉर्ड. हो किंवा नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलीनं सांगितलेलं एकेक लक्षण समोरून चालत येत होतं.

"बाई, आवाजावरनं शिकलेल्या दिसता," मी म्हणालो. "आईवडलांनी याच्यासाठी शिकवलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरा धंदा करा. कष्टाचा करा. भांडी घासा, मी घासणी देतो."

जावई खो-खो हसले. ताराबाईनं तोंडावर हात ठेवला. भिंतीच्या भोकातून राधाकिशनचा आवाज आला, "सोडू नगा शेठ!"

"अहो, ऐकून तर घ्या. तुमच्या मुलीला या योजनेत पाठवायला तुमची संमती आहे का?"

"न्हाई!" मी गरजलो. "न्हाई म्हंजी न्हाई! शंभरदा न्हाई!"

"नक्की?" आवाज आता गोड राहिला नव्हता, उतरला होता.

"लिहून घ्या!"

"घेतलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी तो नंबर बंद यादीत टाकला. जावयांनी टाळ्या वाजवल्या. एकानं त्याच भरात मोठी समई घेतली. राधाकिशननं सगळ्यांना चहा सांगितला. सव्वीस वर्षांत दुकानात माझा असा सत्कार झाला नव्हता.

वर्षाराणी आली तेव्हा कप अजून गोळा व्हायचे होते. "लई बोलले तुझे बाबा!" राधाकिशननं तिला दारातच गाठलं. "योजनेचं नाव सांगून कोन विजयमाला का कोन फसवाय लागली व्हती. आयकाय पायजे व्हतं तू!"

तिनं मोबाईल काढला, संकेतस्थळ उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. शेवटच्या रकान्यात लाल अक्षरं होती. 'पालकाने संमती नाकारली.'

दुकानात एवढी भांडी असूनही मला माझ्याच कानात काहीतरी पडल्याचा आवाज आला. जावई समई घेऊन हळूच निघून गेले. वर्षाराणी एका पालथ्या पातेल्यावर बसली. ती रडली असती, ओरडली असती तर मी काही बोललो असतो. ती म्हणाली, "तुमचं बरोबरच होतं बाबा. मीच शिकवलं होतं." तिनं दोन वर्षं पहाटे उठून केलेला अभ्यास मी चार गिऱ्हाइकांपुढं शंभरदा न्हाई म्हणून घालवला होता.

घरी कळल्यावर सत्यशीलानं भाकरी बांधायला घेतल्या. "सकाळच्या पहिल्या गाडीनं बीडला जायचं," ती म्हणाली. "मी पण येनार."

"तू कशाला?"

"तुमी बोलू नये म्हनून."

सकाळी वर्षाराणीला घेऊन आम्ही दोघं स्टँडवर गेलो, तर राधाकिशन आधीच उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "साक्षीदार लागला तर?" तो म्हणाला. तिघंबी ह्येच, हे वाक्य त्यानं गाडीत मला दोनदा म्हणून दाखवलं.

बीडला ते कार्यालय एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. विजयमाला मॅडम तिशीच्या, साध्या कॉटनच्या साडीत, टेबलावर गठ्ठे आणि खोकल्याची बाटली. मी रस्ताभर माफीचं भाषण तयार केलं होतं. ते "मॅडम" या शब्दापाशीच संपलं.

"आवाज ओळखला," त्या म्हणाल्या. "वीरभद्र. तिघांपैकी कोण?"

"तिघंबी ह्येच!" राधाकिशन मागून ओरडला.

"मॅडम, मी लई वाईट बोललो," मी म्हणालो. "धंदा बदला म्हणलो, घासणी देतो म्हणलो..."

"त्यावर मी रात्री विचार केला. एकूण दगदग बघता वाईट नाही." त्या हसल्या नाहीत, पण खोकल्या, आणि तो खोकला मला हसण्यासारखा वाटला. मग त्यांनी संगणक माझ्याकडं वळवला. "पण अडचण आहे. एकदा नाकारलेल्या पालकाची संमती हा संगणक परत घेत नाही. मी काही करू शकत नाही. वरचं कार्यालयही नाही. तशी सोयच ठेवलेली नाही."

मी खुर्चीचा हात धरला. भिंतीवरचं घड्याळ बारा दाखवत होतं. मुदत आज पाचपर्यंतच होती.

"मॅडम," सत्यशीला पहिल्यांदाच बोलली. "त्यात पालक म्हनजे नुसते वडीलच का?"

विजयमाला मॅडमनी चष्मा लावला आणि फॉर्म खाली सरकवला. "पालक : वडील किंवा आई," त्यांनी वाचलं. "आईचा रकाना रिकामा आहे. का रिकामा आहे?"

तिघींनी माझ्याकडं पाहिलं. राधाकिशननंही पाहिलं. त्यानं तरी बघायला नको होतं.

"आईचे कागद लागतील. नाव सगळीकडं सारखं पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

सत्यशीलानं भाकरीच्या पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आधार, पॅन, रेशन कार्ड, मुलीच्या दहावीचे कागद. सगळीकडं सत्यशीला, सारख्याच अक्षरांत. "बाईचं नाव लग्नात एकदा बदलतं," ती म्हणाली. "तवापासनं मी समदीकडं हिंडून नीट करून घेती. ह्यांचं कुनी बदलत न्हाई, म्हनून हे बघत न्हाईत."

पंधरा दिवस, तीन वडील, एक शपथ, एक वकील, एक घोंगडी. आणि हे पाकीट आमच्याच कपाटात होतं.

पण संमती फोनवरच घ्यायची, असा नियम होता. समोरासमोरची चालत नव्हती. म्हणून मॅडम आत टेबलाशी बसल्या आणि सत्यशीलाला बाहेर जिन्यात उभं केलं. तिच्या फोनला रेंज येईना, म्हणून ती चार पायऱ्या खाली उतरली, मग सहा वर चढली. शेवटी खिडकीच्या गजाला फोन टेकवून उभी राहिल्यावर आवाज आला. दोघींमधे एक भिंत होती. मॅडमचं बोलणं आम्हाला दोन्ही बाजूंनी ऐकू येत होतं.

"मुलीला या योजनेत पाठवायला तुमची संमती आहे?"

"हो."

"शिक्षण संपल्यावर शासन सांगेल तिथं, राज्यात कुठंही, दोन वर्षं तिला नोकरीला पाठवायला तुम्ही तयार आहात?"

सत्यशीलानं खिडकीचा गज धरला.

फोनवर एक बारीक टिक-टिक चालू होती. मी आजवर कागद, शिक्के, सह्या यांच्यामागं इतका पळालो होतो, की या ओळीतून एक पोरगी घराबाहेर जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सत्यशीलाच्या आलं होतं. ती गजाबाहेर बघत होती. खाली रस्त्यावर एक जांभळंवाली ओरडत होती.

"फक्त हो किंवा नाही," आतून आवाज आला, जरा हळू.

सत्यशीलानं वळून वर्षाराणीकडं पाहिलं. "जाशील का गं?" तिनं विचारलं. "गडचिरोली, नंदुरबार, कुठंबी?"

वर्षाराणीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते पण मान नीट, खाली-वर, दोनदा हलली.

"हो," सत्यशीला फोनमधे म्हणाली. मग नियमात नसलेलं एक वाक्य बोलली. "पन नीट ठेवा तिला."

"ठेवू," विजयमाला मॅडम म्हणाल्या. तेही नियमात नव्हतं.

संगणकावर हिरवी खूण आली तेव्हा राधाकिशननं माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की मी पुढच्या बाकावर गेलो. निघताना मॅडमनी मला थांबवलं. "एक सांगू? काल मी माझ्या वैयक्तिक नंबरवरून नऊ पालकांना फोन केले. कार्यालयाचा फोन बंद आहे. आठांनी मला कोण, कुठली, काहीही न विचारता हो म्हटलं. दोघांनी तर न मागता बँकेचा खाते नंबर सांगायला सुरुवात केली. नाही म्हणणारे तुम्ही एकटे. मी वर पत्र लिहिलंय, यापुढं असे फोन अधिकृत नंबरवरूनच झाले पाहिजेत."

मी छाती जरा पुढं काढली.

"चला," सत्यशीला म्हणाली. "गाडी जाईल."

परतीच्या गाडीत आम्ही चौघं जांभळं खात बसलो. सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या होत्या आणि राधाकिशन स्वतःची जीभ बाहेर काढून, डोळे तिरपे करून बघायचा प्रयत्न करत होता. मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढच्या बाकावर काहीतरी गडबड झाली. साठीची एक बाई मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती. छबुबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. मोबाईलच्या पडद्यावर खाकीतला एक माणूस दरडावत होता.

"फोन कट केला तर मुलगा दहा वर्षं आत जाईल! हनुमान नाव ना त्याचं? पुढच्या स्टॉपला उतर, बँकेत जा, सांगतो त्या खात्यावर पैसे टाक!"

"उतरते बाबा, उतरते, मारू नगा त्याला," छबुबाई रडत होती. कंडक्टरनं घंटीची दोरी धरलीच होती.

वर्षाराणी उठली. माझ्या मांडीवरचा जांभळांचा द्रोण सांडला. तिनं छबुबाईच्या शेजारी बसून फोन हळूच आपल्या हातात घेतला आणि स्वतःचा चेहरा त्या माणसासमोर धरला.

"नमस्कार साहेब. ठाणं कोणतं?" तिनं विचारलं.

"तू कोण गं?"

"ठाणं सांगा, तिथल्या टेबलावरच्या फोनवर लावते. पोलीस व्हिडिओवर अटक करत नसतात."

"त्याच्या खिशाची पट्टी उलटी शिवलीय," राधाकिशन मागून वाकून म्हणाला. "आसलं काम कोन शिवतं बे?"

पडद्यावरच्या माणसानं नकळत खिशाकडं पाहिलं. पुढच्या क्षणी पडदा काळा झाला.

वर्षाराणीनं छबुबाईला पाणी दिलं, मुलाचा नंबर विचारला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. दोनदा वाजला. तिसऱ्या वेळी तोंडात घास असलेला आवाज आला, "हॅलो? कोन? आगं आये, जेवतोय मी. काय झालं?" छबुबाई फोनलाच कवटाळून बसली. गाडीतली माणसं एकदम बोलायला लागली, कुणी टाळ्या वाजवल्या, कंडक्टरनं दोरी सोडली. वर्षाराणी मात्र अजून काम करत होती. एक-नऊ-तीन-शून्य हा तक्रारीचा नंबर लावून, त्या माणसाचा नंबर, वेळ, सगळं शांतपणे, एकेक आकडा तोडून सांगत होती. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. माझ्या मुलीचाच होता, पण नोकरीवर रुजू झाल्यासारखा.

सत्यशीलानं माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघंही तिकडंच बघत होतो.

नेकनूर आलं. छबुबाई उतरायला उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. तिनं वर्षाराणीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडं वळली.

"तुमची का पोरगी? लई धिटाची हाय गं बाई. कुठं दिली हिला?"

"सरकारला," मी म्हणालो.